नारिंगी बंडी

टॉडमॉर्डन, यॉर्कशर
७ मार्च १९९३

प्रिय रेज,

पत्र लिहितोय, कारण फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि तू नुसता "हो हो" करत राहतोस. चाळीस वर्षं शर्यतीच्या मोटरसायकलींशेजारी कान उघडे ठेवून उभा राहिलास, त्याचं हे फळ.

तुझ्या क्लबचा फॉर्म आला. मी पंचवीस वर्षांनी पुन्हा शर्यतीत उतरतोय हे तुला माहीत आहे, तू नको नको म्हणालास हेही मला माहीत आहे, ते आता पुन्हा उगाळू नकोस. माझी तक्रार वेगळीच आहे. फॉर्मवर माझ्या नावापुढे "नवखा" असा शिक्का आहे. सोबत एक चिठ्ठी: नवख्याने पाठीवर नारिंगी बंडी घालावी, रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहावं, दहा शर्यती पुऱ्या करून दहा सह्या आणाव्यात, मग बंडी उतरेल.

अरे बाबा, १९६४ आणि ६६ चा क्लबचा करंडक माझ्या कपाटात आहे. तो देताना टाळ्या वाजवणाऱ्यांत तू होतास. तेव्हा हे फॉर्म छापणारे पाळण्यात तरी होते का? अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने रस्त्याच्या कामगारासारखी नारिंगी बंडी घालून पोरांच्या मागे उभं राहायचं? नवख्यांचा मुख्य तूच आहेस. मेव्हण्यासाठी एवढं तरी कर.

मॉरीन असती तर तुझ्याशी तीच भांडली असती. खरं म्हणजे ती असती तर मी गॅरेजमधून ती गाडी बाहेरच काढली नसती. तीन हिवाळे झाले, रेज. संध्याकाळी सहानंतर घरात काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही.

तुझा,
वॉल्ट


लाऊथ, लिंकनशर
१२ मार्च १९९३

प्रिय वॉल्ट,

असलं पत्र दर मार्चला एक तरी येतं. यंदा ते घरातूनच आलं एवढंच.

नियम असा आहे की परवाना दहा वर्षांहून जास्त बंद राहिला की माणूस पुन्हा नवखा. करंडक कपाटात असला तरी. तो करंडक जिंकलास तेव्हा गाड्यांचा वेग किती होता आणि आज किती आहे, ते पहिल्या वळणावर तुला कळेल.

एकदाच लिहितो. एकतीस नवख्यांना हेच तोंडाने सांगायचं आहे, आणि दरवर्षी सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडलेत. तेल सोडायच्या बोल्टला तार बांधून आण, सुटा असेल तर मी गाडी परत पाठवीन. गळ्यात नाव आणि जन्मतारखेचा बिल्ला. हेल्मेट नवं घे, माळ्यावरचं ते वाडगं आणू नकोस. पिवळा झेंडा दिसला की पुढे काढायचं नाही, लाल दिसला की सावकाश परत.

आणि बंडीबद्दल. ती तुला लाज आणायला नाही. मागून येणाऱ्याला ती सांगते की पुढचा माणूस कुठे वळेल याचा भरवसा नाही, तेव्हा आतून घुसू नको, बाहेरून आणि लांबून जा. आपला ट्रॅक घड्याळाच्या काट्यासारखा सगळा उजवीकडेच वळतो, म्हणजे तुला मागे टाकणारे डावीकडून जातील. बंडीवाल्याला कुणी आतून खेटलं आणि आपटाआपटी झाली, तर चूक खेटणाऱ्याची. चौकशीत दुसरं काही बघितलं जात नाही. चौदा वर्षांत या बंडीने किती हाडं वाचवली असतील ते मोजलेलं नाही.

शेवटी डोळे. पंचवीस पावलांवरून गाडीच्या नंबराची पाटी वाचायची, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. ते मी स्वतः करून घेतो.

संध्याकाळी सहानंतर काय करायचं ते मलाही माहीत नाही. ती माझी बहीण होती. मी झोपतो.

रेज


टॉडमॉर्डन
२१ एप्रिल १९९३

प्रिय रेज,

पार पडलं. दोन शर्यती, दोन सह्या, एकही हाड मोडलेलं नाही. पहिलीत शेवटून तिसरा, दुसरीत शेवटून चौथा. प्रगती आहे म्हण.

रविवारी सकाळी धड बोलताही आलं नाही तुझ्याशी. हॅगथॉर्पच्या त्या जुन्या विमानतळावरच्या ट्रॅकवर वारा तेव्हाही असाच आडवा यायचा, पण तेव्हा आपल्या अंगावर मांस होतं. तू चहाच्या टपरीच्या दारात कप धरून उभा, टोपीवरून पाणी गळतंय, गुडघेदुखीने वाकलेला. मला वाईट वाटलं तुझं. अंगठ्याने व्हॅनकडे दाखवलंस, "वाच." मी हाताने एक डोळा झाकून पाटी वाचली, मग दुसरा झाकून वाचली. तू "बरं" म्हणून फॉर्मवर खूण केलीस आणि पुढच्याला हाक मारलीस. शाळेत कवायत मास्तर हजेरी घ्यायचे तसं.

बंडीचं म्हणशील तर पोरं मला मागे टाकताना इतक्या लांबून जात होती, जणू मी प्रेतयात्रेची गाडी चालवतोय. एकाने तर जाता जाता मान लववली. राग आला, मग हसू आलं. खोटं कशाला सांगू, पहिल्या फेरीत बरंही वाटलं.

टपरीवर एक मुलगी भेटली, हीदर स्टॅन्सफील्ड. चोवीसची, ग्रिम्झ्बीला मासे तळायच्या दुकानात कामाला. पुढच्या महिन्यात तिचीही सुरुवात आहे. मला म्हणाली, "आजोबा, भीती वाटते का?" मी म्हटलं, "भीती गेली की घरी बसावं." हे वाक्य तुझं आहे, १९५९ सालचं. मी ते माझं म्हणून खपवलं.

तुझा,
वॉल्ट


लाऊथ
१८ जून १९९३

प्रिय वॉल्ट,

उशीर झाला. गुडघ्यात पाणी झालं होतं.

सहा सह्या झाल्या तुझ्या. परवा तिसऱ्या वळणावरच्या झेंडेवाल्याने मला विचारलं, तो म्हातारा कोण आहे, सरळ रेघ मारल्यासारखा जातो. मी म्हटलं माझा मेव्हणा, आणि मला जरा बरं वाटलं. हे तुला सांगायचं नव्हतं.

एक विचारतो. तू वळणाच्या आतल्या कडेला इतका चिकटून का जातोस? पूर्वी तू बाहेरून झोकून द्यायचास. आता उजव्या कडेच्या गवतावरून चाक जाईल की काय असं वाटतं. वय झालं म्हणून जपून चालवतोस असं समजतो. चांगलंच आहे.

हीदर धडाडीची आहे. तिला थोडं आवरावं लागेल.

रेज


टॉडमॉर्डन
१० ऑगस्ट १९९३

प्रिय रेज,

नऊ झाल्या. रविवारी दहावी व्हायची, पण शेवटच्या फेरीत गाडी बंद पडली. पेट्रोलच्या नळीत कचरा असावा. असो.

एक शंका आहे, हसू नकोस. दहा सह्या झाल्यावर बंडी उतरवलीच पाहिजे असं काही लिहिलंय का? म्हणजे एखाद्याने स्वखुशीने ती ठेवली, मागे उभा राहिला, तर क्लबची काही हरकत? मला आता तिची सवय झाली आहे. मागच्या जागेवरून सगळं बघायला मिळतं. घाई नाही.

उत्तर दे. आणि गुडघ्याला गरम पिशवी लाव, डॉक्टरवर पैसे घालवू नकोस.

तुझा,
वॉल्ट


लाऊथ
१५ ऑगस्ट १९९३

प्रिय वॉल्ट,

मी इतका दमलोय की रागावायलाही ताकद नाही, पण रागावलोय.

तुझी गाडी बंद पडली नाही. तू ती बंद केलीस. चौथ्या वळणावरच्या झेंडेवाल्या बाईने तुझा हात इंजिनाच्या बटणाकडे गेलेला बघितला आणि मला सांगितलं. मी दोन दिवस विचार करत होतो की माणूस दहावी सही का टाळेल. मग लक्षात आलं. सप्टेंबरअखेरीला नवख्यांचा करंडक आहे, आणि तो फक्त बंडीवाल्यांना मिळतो. गुणांत तू दुसरा आहेस, पहिली हीदर.

साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुला तर साठीलाही दोन वर्षं आहेत. मार्चमध्ये बंडी घालायला लाजत होतास, आता पोरीसोरींच्या हातचा करंडक पळवायला ती उतरवत नाहीस. मॉरीनला काय वाटलं असतं? तुझ्या कपाटात दोन आहेत. ते आधी पुसून काढ.

नियम: दहावी सही झाली की बंडी उतरते. स्वखुशी वगैरे काही नाही. बारा सप्टेंबरला शर्यत पुरी कर आणि पुढच्या वर्षी माणसांत उभा राहा.

रेज


लाऊथ
१४ सप्टेंबर १९९३

प्रिय वॉल्ट,

रविवारी तुला घरी सोडायला हवं होतं, पण मी रात्रीपर्यंत ग्रिम्झ्बीच्या इस्पितळात होतो. हीदरचं गळ्याजवळचं हाड मोडलं आहे आणि उजवं मनगट दोन जागी. डोक्याला काही नाही. तिची आई कॉरिडॉरमध्ये बसून होती, माझ्याशी बोलली नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

तू सुखरूप आहेस. त्याबद्दल देवाचे आभार मानून झाले, आता कामाचं.

झेंडेवाल्यांनी लिहून दिलं आहे की ती दुसऱ्या वळणावर तुझ्या आतून, उजवीकडून गेली. तू तुझ्या नेहमीच्या रेषेने आत आलास, ती तुझ्या चाकाला लागली आणि गवतावर गेली. तुझ्या पाठीवर बंडी होती. म्हणजे चूक तिची, आणि तिच्या स्वतःच्या पाठीवरही बंडी असल्याने समजायला हवं होतं. कमिटीने तिचं कार्ड काढून घेतलं. नऊ सह्या रद्द. बरी झाल्यावर पहिल्यापासून सुरुवात, तीही कमिटीने परवानगी दिली तर. बहुधा देणार नाहीत.

तुझा जबाब दोन ओळींचा पाठव. तुला ती येताना दिसली का, आणि तू रेषा बदललीस का. काळजी करू नकोस, तुझ्यावर काही येणार नाही. कार्डावर तुझ्या नऊच सह्या आहेत, शर्यत थांबवली म्हणून दहावी धरलेली नाही.

ऑगस्टमध्ये जास्त बोललो. तेवढं सोडून दे.

रेज


टॉडमॉर्डन
१६ सप्टेंबर १९९३

रेज,

जबाब: मला ती दिसली नाही. मी रेषा बदलली नाही.

वॉल्ट


टॉडमॉर्डन
२८ सप्टेंबर १९९३

प्रिय रेज,

हे पत्र बसून वाच. चहा करून घे आधी.

काल हीदरचं पत्र आलं. डाव्या हाताने लिहिलेलं, अक्षर पहिलीतल्या पोराचं. जसंच्या तसं उतरवून देतो:

"मिस्टर ऑल्डरॉइड, मला माफ करा. मिस्टर गार्बटनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नारिंगी बंडीच्या आतून जायचं नाही. मला ते पाठ होतं. पण दोन फेऱ्या मी तुमच्या उजवीकडेच होते, अगदी शेजारी. सरळ रस्त्यावर तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं तुम्ही मला बघितलंय आणि जागा ठेवाल. म्हणून घुसले. तरीही चूक माझीच. आई म्हणते गाडी विकून टाक. मीही तोच विचार करतेय. तुम्हाला लागलं नाही हे कळलं, बरं वाटलं. हीदर."

मी मान वळवली होती, रेज. हे तिने खरं लिहिलंय. आवाज आला म्हणून वळवली. तिकडे कुणी नव्हतं.

माझा उजवा डोळा गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत गेला. एका सकाळी दाढी करताना आरशात अर्धं तोंड धुरकट. हॅलिफॅक्सच्या डॉक्टरने सांगितलं, डोळ्यामागची शीर बंद झाली, आता यात काही परत येणार नाही. कडेकडेने उजेड कळतो, माणूस कळत नाही. गाडी चालवायची नाही असं त्याने स्पष्ट सांगितलं. मी त्याच्याकडे परत गेलो नाही.

तू विचारलं होतंस आतल्या कडेला का चिकटतो. उजवीकडे कुणी शिरू नये म्हणून. आणि दहावी सही का टाळतो, तर बंडी पाठीवर असेपर्यंत सगळे डावीकडूनच जाणार, ज्या बाजूला मला दिसतं त्या बाजूने. मला करंडक नको होता. तू तसं समजलास तेव्हा मला हायसंच वाटलं. चोर समजला गेलो तरी चाललं असतं, आंधळा नको होता.

आता पाटी. तू तुझीच व्हॅन दाखवलीस. के एफ ई, सात तीन एक, पी. ती पाटी १९७९ साली माझ्या कामाच्या डेपोत मीच बसवली होती, रेज. जुनी फुटली म्हणून. डाव्या कोपऱ्यातला रिव्हेट वाकडा गेला आणि तू आठवडाभर मला त्यावरून बोललास. त्या व्हॅनमधून आपण सगळे दर उन्हाळ्यात स्कारबरोला गेलो. मॉरीनचे कपडे तू त्याच व्हॅनमधून नेलेस.

तुला फसवायचं ठरवून मी आलो नव्हतो. हे खरं आहे, पटलं तर मान. डावा डोळा झाकला तेव्हा मी म्हटलं, चला, संपलं, आता हा मला घरी पाठवणार. आणि मग समोर पाटी दिसली. अक्षर न् अक्षर. मला वाटलं डोळा सुधारतोय. टॉडमॉर्डनला परत येईपर्यंत मी आनंदात होतो. दुसऱ्या दिवशी गल्लीत शेजाऱ्याच्या गाडीची पाटी वाचून बघितली. काहीच दिसलं नाही. तेव्हा कळलं, तुझी पाटी मला दिसली नव्हती, आठवली होती. आणि कळल्यावरही मी पाच महिने आलो. तिथे मात्र फसवलंच.

त्या पोरीला तिच्या सह्या परत दे. माझं कार्ड सोबत जोडलंय. बंडी धुऊन वेगळ्या पार्सलने पाठवतो.

वॉल्ट


लाऊथ
९ ऑक्टोबर १९९३

वॉल्ट,

चहा केला होता. गार झाला.

दहा दिवस मी तुला रोज मनात शिव्या देत होतो. ती पोरगी मेली असती. तिच्या आईच्या शेजारी मी बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, नियम मोडला की असंच होणार. नियम मोडला होता खरा. तिने नाही.

मग मी क्लबची नियमांची वही काढली. पान अकरा. "डोळ्यांच्या तपासणीसाठी उमेदवाराला अनोळखी अशी पाटी निवडावी." अनोळखी. हे वाक्य माझं आहे, १९७४ साली मी स्वतः लिहिलेलं. त्या वर्षी एक जण भावाच्या गाडीची पाटी वाचून आत शिरला होता. एकोणीस वर्षं मी प्रत्येकाला गाड्यांच्या तळापर्यंत चालवत नेलं. आणि त्या दिवशी पाऊस होता, गुडघा ठणकत होता, रांगेत तू सव्विसावा होतास, आणि तू घरचा होतास. अंगठा दाखवला, झालं. सगळ्यात जास्त कंटाळा माणूस घरच्यांच्या बाबतीतच करतो.

कमिटीपुढे तुझं पत्र वाचलं आणि मग पान अकरा वाचलं. नवख्यांचं काम मी सोडतो म्हणालो. त्यांनी घेतलं नाही, दुसरा कुणी तयार नाही म्हणून. तुझा परवाना कायमचा रद्द. हीदरचं कार्ड मी स्वतः तिला नेऊन दिलं, नऊच्या नऊ सह्यांसकट. झालं ते सगळं सांगितलं. तिने कार्डावरच्या सह्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाली, "त्यांना पाठवा ना आमच्या नवख्यांच्या वर्गात. तुमचं कुणी ऐकत नाही, मिस्टर गार्बट. आम्ही सगळे झोपलेले असतो."

एकोणीस वर्षं मी त्या पोरांपुढे बोलतोय, आणि ती झोपलेली असतात.

तेव्हा मार्चमध्ये ये. नवख्यांच्या पहिल्या दिवशी, चहाच्या टपरीत. डावा डोळा झाकून त्यांच्यासमोर व्हॅनची पाटी वाच, आणि मग सांग की तुला काय दिसतं. लाज वाटेल. वाटू दे, मलाही वाटणार आहे.

तुला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. विचारू नकोस. नाताळला जेवायला ये, बसने.

रेज


टॉडमॉर्डन
२२ मार्च १९९४

प्रिय रेज,

रविवारी बस पकडायची म्हणून घाईत निघालो, नीट बोलणं झालं नाही.

चौतीस पोरं होती. मी मोजली, म्हणजे डाव्या डोळ्याने मोजली. टपरीच्या आतच तू मला थांबवलंस, माझा डावा डोळा पट्टीने बांधलास आणि खांद्याला धरून दारात आणलंस. वारा तोच. चिखलाचा वास तोच. "समोर व्हॅन आहे," म्हणालास, "वाच." तुझा आवाज दमलेला होता, आणि मला आपलं वाटलं, नेहमीसारखाच दमलेला आहे.

मी वाचलं. के एफ ई, सात तीन एक, पी. घडाघडा. मग ठरल्याप्रमाणे मी त्यांना सांगणार होतो की पोरांनो, बघा, आंधळ्या डोळ्याने मी पाठ केलेली पाटी कशी म्हणून दाखवली. तोंड उघडलंही. पण कुणी हूं की चूं करेना. चौतीस पोरं आणि एवढी शांतता. मला वाटलं माझं काही चुकलं.

मग हीदर पुढे आली. तिचं मनगट अजून पुरतं वळत नाही, दिसलंच मला. तिने माझी पट्टी सोडली.

समोर घोडे न्यायची गाडी उभी होती. पांढरी. नंबर भलताच. तुझी निळी व्हॅन जानेवारीतच भंगारात गेली हे तू मला नाताळच्या जेवणावर सांगितलं नाहीस, शेजारी बसून बटाटे वाढत होतास तरी. आधी राग आला. आता नाही.

दुपारी हीदरने शर्यत पुरी केली, दहावी सही झाली. एका पोराने तिच्या आतून घुसायचा विचार केलेला मला कुंपणाजवळून दिसला. त्याने केला, मग सोडला, आणि बाहेरून लांबून गेला. तेवढ्यासाठी आलो होतो असं धरतो.

पण एक तुला सांगायचं राहिलं, आणि ते पोरांसमोर सांगता आलं नसतं. मी ती पाटी पाठ म्हणून दाखवत नव्हतो, रेज. म्हणायचं ठरवलं होतं, पण दारात आलो आणि गरजच पडली नाही. मला ती व्हॅन दिसली होती. निळी, डाव्या कोपऱ्यातल्या माझ्या वाकड्या रिव्हेटसकट. पुढच्या सीटवर मॉरीन होती.

तुझा,
वॉल्ट